देवघरातल्या सह्या

आमचे मालक सरकारी कचेरीत कधी खुर्चीवर बसले नाहीत. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली तरी नाही. कागदांची रेक्झिनची पिशवी पोटाशी धरायची, मान थोडी डावीकडे कलती ठेवायची आणि टेबलापासून दीड हातावर उभं राहायचं. साहेब फोनवर बोलत असले तरी उभं, जेवायला गेले तरी उभं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर एका कचेरीत गेलो आणि रिकामी खुर्ची दिसली म्हणून टेकलो. बाहेर आल्यावर त्यांनी मला पायरीवर थांबवलं आणि म्हणाले, "बसल्याला उठिवता येतं, भाऊ. उभ्याला काय करनार?"

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला हे वाक्य फार खोल वाटलं. घरी, आमच्या आणे गावी, जेवताना मी ते वडिलांना ऐकवलंसुद्धा. वडिलांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "मंग त्यो बसतो कदी?" या प्रश्नाचं उत्तर मला पुढची अकरा वर्षं सापडलं नाही. दुकानात ते बसायचे, घरी बसायचे. पण काम देणं न देणं ज्याच्या हातात आहे अशा माणसापुढे त्यांचे गुडघे कधी वाकले नाहीत. वाकायचं ते सगळं कण्याने करून घेतलं होतं.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, वर माळा, मागे घर. मूळचे पिंपरी पेंढारचे. जमीन भावाच्या ताब्यात देऊन तरुणपणी रेडिओ दुरुस्त करायला जुन्नरला आले. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीमागून कॉम्प्युटर आले, आणि आमच्या भागात कॉम्प्युटर आधी घेतले ते सरकारने. तेव्हापासून मालकांनी सरकार सोडून कुणाला काही विकलं नाही. बोळातला शेजारी माउस मागायला आला तर ‘किरकोळ ठेवत न्हाई’ म्हणून परत पाठवायचे. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘संगणक व तंत्रज्ञान सेवा’ असं होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘शासकीय पुरवठादार’. दर दिवाळीला रंगारी बोलावून फक्त खालची ओळ रंगवली जायची. वरचं तंत्रज्ञान पुसट होत गेलं, त्याची त्यांना फिकीर नव्हती.

या तंत्रज्ञानवाल्या माणसाने जन्मात कीबोर्डला बोट लावलं नाही. ते तुमच्यासारख्या शिकलेल्यांचं काम, असं म्हणायचे. बिघडलेलं मशीन दुकानात आलं की तळहाताची मागची बाजू त्याच्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ‘ताप हाय’ किंवा ‘ताप न्हाई’ असं जाहीर करायचे. गिऱ्हाईक म्हणून आलेला कारकून हे बघून भारावून जायचा. मी पाठ फिरवून स्क्रू शोधायचो.

दुरुस्तीबद्दल मात्र त्यांची मतं पक्की होती. मी नवीन होतो, हौशी होतो, एका कचेरीतला सारखा बंद पडणारा प्रिंटर उघडून त्यातला झिजलेला रोलर बदलून आलो. मालकांनी संध्याकाळी मला समोर बसवून समजावलं की देखभालीचं कंत्राट हे लग्नासारखं असतं, त्यात सारखं जाणं-येणं पाहिजे. मग त्यांचं ते वाक्य आलं, जे पुढे मी हजार वेळा ऐकलं: "मशीन बरं करायचं न्हाई. त्याला आराम पाडायचा."

आणि मी शिकलो. माझी चेष्टा करायची असेल तर इथेच करून घ्या, कारण मालकांची टिंगल करताना मी स्वतःला त्यातून वगळणार नाही. डिप्लोमा झालेला मी, मोटरसायकलवरून दोन तालुके फिरायचो, पूर्वेला आण्याच्या पठारापासून पश्चिमेला आंबेगावच्या डोंगरापर्यंत. जायचं, प्लग काढायचा, धूळ फुंकायची, प्लग लावायचा, मशीन सुरू झालं की कागदावर सही घ्यायची. महिन्याभराने तिथूनच पुन्हा फोन. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘सीनियर हार्डवेअर इंजिनियर’ असं छापलं होतं. ज्युनियर कुणीच नव्हता.

मालकांना एकाच गोष्टीचा ध्यास होता, धंदा टिकला पाहिजे. कसा वाढेल, चांगला कसा होईल, हे त्यांच्या तोंडी कधी नसायचं. टिकला पाहिजे. सात पिढ्या टिकला पाहिजे, असं ते म्हणायचे तेव्हा त्यांची दुसरी पिढी काउंटरमागे मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेली असायची. मुलगा एकुलता एक आणि इतका गरीब स्वभावाचा की त्याच्यावर राग धरायलाही मन होत नसे. वडील बोलले की तो आवाज कमी करायचा, बस.

धंदा टिकवण्याची मालकांची युक्ती अशी होती. एका कामासाठी निदान तिघांनी दर भरावेत अशी सरकारची अपेक्षा असते. सरकारला तीन माणसं शोधायचा त्रास नको म्हणून मालकांनी तिघंही घरातच तयार केले होते. एक फर्म त्यांच्या नावाची, ती जिंकायची. दुसरी मुलाच्या नावाची, ती थोडक्यात हरायची. तिसरी मालकीणबाईंच्या नावाची. ती सपाटून हरायची, म्हणजे दुसरी जरा बरी दिसायची. तिन्ही फर्मची पत्रं मीच तयार करायचो. तिसरीची भाषा मी मुद्दाम जरा उद्धट ठेवायचो, जणू काही त्यांना हे काम नकोच आहे. मालक ते वाचून घ्यायचे आणि खूश व्हायचे. हरायचं कामसुद्धा नीट झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

अडचण एकच आली. मालकीणबाईंची सही दर वेळी वेगळी यायची. बाई साध्या, देवधर्म करणाऱ्या, त्यांना ह्या भानगडीत गोडी नव्हती. कधी आडनाव आधी, कधी एखादी वेलांटीच गायब. एकदा एका कचेरीतून कागद परत आला तेव्हा मालकांनी दोन दिवस अन्नाला चव नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाचं लग्न करायचं ठरवलं.

मुलगी बघायला घोडेगावला गेलो, गाडी मी चालवत होतो म्हणून मीही आत जाऊन बसलो. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी अभिमानाने सांगितलं की मुलगी कॉम्प्युटर इंजिनियर आहे, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आहे. मालक ‘चालंल’ म्हणाले. मग त्यांनी पोटाशी धरलेल्या पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि मुलीला सही करायला सांगितलं. तिने केली. अजून एकदा सांगितलं. मग दुसऱ्या कागदावर तिसऱ्यांदा. मालक ते कागद घेऊन खिडकीशी गेले, एकावर एक धरून उजेडात बघितले आणि परत येऊन पुढचं बोलणं काढलं. मुलीचे वडील बिचारे समजले की पाहुणे पत्रिका बघतात तसं काहीतरी अक्षरावरून बघत असावेत.

परतीच्या वाटेवर मालक भलतेच प्रसन्न होते. म्हणाले, "पोरगी लई चांगली हाय. सही हालत न्हाई." जुन्नर येईपर्यंत मी हसू दाबून गाडी चालवली. चार लोकांना हा किस्सा सांगून त्यांनाही हसवलं. त्या मुलीच्या बाजूने तो किस्सा कसा दिसेल हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

लग्न झालं. उंबऱ्यावरचं माप ओलांडून ती आत आली आणि सत्यनारायणाच्या पूजेआधी तिचे फोटो, पॅन कार्ड आणि आधार कार्ड मालकांच्या पिशवीत गेलं; तिसरी फर्म आता तिच्या नावाची झाली. तोवर टेंडरं ऑनलाइन झाली होती. कागदावरच्या सहीऐवजी डिजिटल सही लागायची. ती पेनड्राइव्हसारख्या एका डोंगलमध्ये असते, ज्याच्या नावाची त्याचीच चालते आणि कॉम्प्युटरला लावून आपला पिन टाकल्याशिवाय टेंडर भरता येत नाही. मुलाने आपलं पहिलं डोंगल महिन्याभरात हरवलं होतं. तेव्हापासून मालकांनी सगळी डोंगलं देवघरात ठेवायला सुरुवात केली. घरात एकच जागा अशी आहे की जिथे कुणी उगाच हात घालत नाही, हे त्यांचं कारण. देवांच्या ताम्हणात खंडोबाचा टाक, देवीचा टाक, शेजारी तीन डोंगलं, आणि तिघांचे पिन खंडोबाच्या तसबिरीमागे पेन्सिलीने लिहिलेले. रोज सकाळी मालकीणबाई टाकांना आंघोळ घालायच्या, डोंगलं बाजूला काढून कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि सगळ्यांना हळदीकुंकू लावायच्या. डोंगलांना जरा लांबून लावायच्या, इतकं त्या बाईंना कळत होतं.

सूनबाईंना मी वहिनी म्हणायचो. नाकासमोर बघून चालणारी, कमी बोलणारी बाई. पहिलं वर्षभर ती दुकानात येऊन बसायची आणि माळ्यावरचा ढीग चाळायची. माळ्यावर कचेऱ्यांतून काढून आणलेली मेलेली मशीनं छतापर्यंत रचलेली होती. त्यांच्यातला एखादा भाग काढून दुसऱ्या मशीनला लावणं म्हणजे आमची देखभाल. वहिनीने कुठल्या कचेरीतलं कुठलं मशीन किती वेळा बंद पडलं याची वही करायला घेतली, तेव्हा मालकांना ते कौतुकाचं वाटलं. पोरीला हौस आहे, म्हणाले.

एकदा मालकांचा मुलगा तापाने पडला होता म्हणून ती माझ्याबरोबर आली. आंबेगावच्या डोंगरी भागातली एक शाळा होती, तिथली मशीनं दुपार झाली की बंद पडायची आणि हात लावला तर झिणझिण्या यायच्या. मी तिथे दर महिन्याला जाऊन धूळ फुंकत होतो. वहिनीने मशीनकडे बघितलंच नाही. ती भिंतीवरच्या बोर्डाकडे गेली, मग बाहेर जाऊन इमारतीला फेरी मारून आली आणि मला विचारलं की या शाळेला अर्थिंगच नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? मला माहीत होतं. मी म्हणालो, बघायला लागेल. पुढच्या आठवड्यात ती तांब्याची पट्टी, मिठाची पिशवी आणि कोळसा घेऊन परत गेली, शिपायाला मदतीला घेतलं आणि खड्डा खणून सगळं नीट करून आली. शाळेतल्या बाईंनी तिला डब्यात नाचणीची भाकरी बांधून दिली. येताना मी गाडी चालवत होतो, ती शेजारी बसून भाकरी खात होती, आणि तिला इतक्या आनंदात मी पुन्हा कधी बघितलं नाही.

त्या शाळेतून नंतर फोनच आला नाही. एक महिना, चार महिने, दहा महिने. मालक अस्वस्थ झाले. शाळा बंद पडली की काय, म्हणून मला चौकशीला धाडलं. मी येऊन खरं सांगितलं. त्यांनी सुनेला बोलावलं आणि तुला बरं करायला कुणी सांगितलं होतं, असं विचारलं. ती म्हणाली, बिघडलं होतं म्हणून केलं. मालक रागावले नाहीत, त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. फक्त म्हणाले, "तक्रार न्हाई म्हंजी आपन त्यांच्या लक्षात न्हाई. आता तू भायेर जाऊ नको. तू सही सांभाळ."

सही सांभाळ म्हणजे काय? सही तर देवघरात होती. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला. पण मी हेल्मेट घातलं आणि ओतूरच्या बाजूला निघून गेलो.

त्यानंतर वहिनी दुकानात क्वचित यायची. एकदा मी टेंडरचे कागद तयार करत असताना मागे येऊन उभी राहिली आणि तिच्या फर्मचे जुने दर बघायला मागितले. सगळे वाचून विचारलं, माझी फर्म आजवर एकदाही जिंकलेली नाही ना? मी नेहमीच्या थट्टेत बोलून गेलो, "ती त्यासाठीच काढलीय, वहिनी." ती हसली नाही. फाइल जागेवर ठेवून आत गेली.

मग ते वर्ष आलं. दोन्ही तालुक्यांतल्या शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या यांच्या देखभालीचं मोठं कंत्राट संपत आलं होतं. दर वेळी ते आमच्याकडेच यायचं, घर त्याच्यावरच चालायचं. ते गेलं तर पाटी उतरवायची, इतकं साधं होतं. या वेळी पुण्याची एक मोठी कंपनी चौकशी करून गेल्याची बातमी आली. शेवटची तारीख होती दसऱ्याचा दुसरा दिवस, दुपारी तीन. मी घटस्थापनेच्या चार दिवस आधी सगळं तयार करून ठेवलं आणि भरून टाकू म्हणालो. मालक नाही म्हणाले. आधी भरलं की दर फुटतो. शिवाय दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, त्याच्या आत शत्रूवर जायचं नसतं. त्यांच्या मते टेंडर भरणं हेच सीमोल्लंघन होतं.

घटस्थापना झाली आणि देव बसले. आमच्याकडे देव बसले की नऊ दिवस त्यांना जागचं हलवत नाहीत, आंघोळसुद्धा घालत नाहीत. विड्याच्या पानावर टाक बसवलेले, आणि त्यांच्याबरोबर, ताम्हणातले म्हणून, डोंगलंही पानावर बसवलेली. मी तिसऱ्या दिवशी भीत भीत विचारलं की निदान चालतायत का तेवढं एकदा बघू या. मालक माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी पायातलं न काढता देवघरात शिरलोय. "देव बसल्यात," म्हणाले. विषय संपला.

सातव्या माळेला मालकीणबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात ठेवलं, वहिनी सोबतीला. त्यामुळे दसऱ्याला घट उठले तेव्हा घरात देवपूजा करायला मालकच. आयुष्यात त्यांनी देवांना नमस्कार सोडून दुसरं काही केलं नव्हतं. पण भक्ती दांडगी, आणि पुढे लढाई. त्यांनी ताम्हणातलं सगळं एकत्र घेतलं. नऊ दिवस पारोसे राहिलेले देव चिंचेने घासले. डोंगलांची पत्र्याची तोंडं जरा काळवंडलेली दिसली म्हणून तीही चिंचेने घासली. मग सगळ्यांवर पंचामृत: दूध, दही, तूप, मध, साखर. मग गरम पाणी. मग हळदीकुंकू, या खेपेला जवळून.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावर समाधान होतं. मालकांचं डोंगल लावलं, कॉम्प्युटर गप्प. मुलाचं लावलं, गप्प. मी स्पिरिट आणलं, टूथब्रशने घासलं, मालकीणबाईंचा केस वाळवायचा ड्रायर मारला. डोंगलाच्या तोंडातून साखरेचा पाक निघाला. नवीन डोंगल मिळायला दोन-तीन दिवस लागतात. तिसरं, वहिनीचं, लावलं तर ते डोंगलच नव्हतं. साधा जुना पेनड्राइव्ह होता, तोही मेलेला.

मालक खुर्चीत बसून होते. दीड वाजला होता. पुण्याच्या कंपनीने सकाळीच भरलं असणार. मुलाने पहिल्यांदाच मोबाइल उलटा ठेवला आणि आता काय, असं विचारलं. मालक तो पेनड्राइव्ह चिमटीत धरून बघत राहिले होते. माझ्या मनात आलं, बरं झालं. अकरा वर्षं ज्याची वाट बघत होतो ते आज डोळ्यांनी दिसतंय. मला लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

तेवढ्यात वहिनी आली. सासूबाईंचे कपडे आणि डबा न्यायला नारायणगावहून एसटीने आली होती. टेबलावरचा टूथब्रश, स्पिरिटची बाटली, कुंकवाने माखलेली डोंगलं बघून तिला सगळं कळलं. सासऱ्याला ती मामा म्हणायची. पदर खोचला, पर्समधून आपलं डोंगल काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मामा, मी भरलंय टेंडर. घट बसायच्या आदल्या दिवशी."

मालकांना आधी कळलंच नाही. मग विचारलं, कुठल्या फर्मचं? ती म्हणाली, माझ्या. पिन मी बदललाय. तसबिरीमागचा चालणार नाही.

"दर?" मालकांनी विचारलं.

"जे काम करायचंय त्याचा. आराम पाडण्याचा नाही, बरं करण्याचा."

"आन आमी बी भरलं असतं तर?"

"तर ज्याचा दर कमी, त्याला मिळालं असतं," ती म्हणाली. "तुम्हीच मला फर्म काढून दिली ना, मामा. मी ती खरी धरली."

मला वाटलं, आता हा माणूस पहिल्यांदा ओरडणार. सुनेला घराबाहेर काढणार, निदान हातातला पेनड्राइव्ह फेकून मारणार. मालकांनी तो अलगद टेबलावर ठेवला. पिशवी उचलली. आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. टेबलापासून दीड हात मागे, मान जरा डावीकडे. त्या उभं राहण्याइतकी किळसवाणी गोष्ट मी पाहिली नव्हती. काम कुणाच्या हातात आहे हे त्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळलं होतं.

कंत्राट वहिनीला मिळालं. पुण्याच्या कंपनीचा दर वर राहिला. वहिनीने पहिल्या महिन्यात माळा रिकामा केला, भंगारवाल्याचे तीन टेंपो भरून गेले. मग शाळाशाळांतून खड्डे खणायला सुरुवात झाली. मला बोलावून तिने सांगितलं की तुम्हाला काम येतं, पण तुम्ही ते विसरलात, सहा महिने पुण्याला जाऊन पुन्हा शिकून या, पगार चालू राहील. मला ते झोंबलं. कालपर्यंत सहीपुरती आणलेली सून मला शिकायला पाठवते. मी राजीनामा दिला आणि आळेफाट्याला स्वतःचं दुकान टाकलं. मालक मात्र गावभर सांगत फिरले की बघा, तीन फर्म काढल्या म्हणून एक उरली, मी म्हणत व्हतो न्हाई का, धंदा टिकनार. लोकही माना डोलवायचे. निर्लज्जपणाला वय आलं की गाव त्याला दूरदृष्टी म्हणतं.

माझ्या दुकानात मी हे किस्से रंगवून सांगायचो. उभं राहायची नक्कल तर इतकी हुबेहूब करायचो की लोक पुन्हा करून दाखवायला लावायचे. माझं काम मात्र म्हणावं तसं चाललं नाही. मी दुरुस्त केलेली मशीनं महिन्याभरात परत यायची, आणि माझ्याकडची गिऱ्हाइकं सरकारी नव्हती. ती दुसरीकडे जायची.

गेल्या महिन्यात कळलं की आण्याच्या पठारावरच्या गावांचं देखभालीचं काम वहिनी बाहेरच्या कुणाला तरी देणार आहे. ते मागायला मी जुन्नरला गेलो. माळ्यावर आता तिचं ऑफिस आहे. खिडकी मोठी केलीय, भिंतीवर दोन्ही तालुक्यांचा नकाशा, त्यावर प्रत्येक शाळेची टाचणी. माझं बोलणं अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात जिना कुरकुरला आणि मालक वर आले. खूप वाळलेत. पिशवी तीच.

ते माझ्याकडे बघून ओळखीचं हसले आणि तिच्या टेबलासमोर उभे राहिले. नवरात्र तोंडावर आलंय, म्हणाले. मग पिशवी सावरत म्हणाले, "सही तेवढी ताम्हनात ठिवली असती. नऊ दिस. म्या हात लावनार न्हाई, तुझ्या सासूला पुजू दे."

"मामा, आधी बसा."

"उभाच बरा हाय."

"तो पेनड्राइव्ह आहे की ताम्हणात. त्याची करा पूजा."

"त्याची तर रोज करतो," मालक म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ती काहीतरी लिहीत होती, ती लिहीतच राहिली. मालक अजून थोडा वेळ थांबले, मान हलवली आणि जिन्याकडे वळले. मला आतून हसू फुटत होतं. आळेफाट्याला जाऊन हे कसं सांगायचं, कुठे थांबायचं, आवाज कसा काढायचा, ते सगळं मी मनात जुळवत होतो.

वहिनीने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आणि तुम्ही का उभे?" तिने विचारलं.

माझ्या मागेच खुर्ची होती. मी आलो तेव्हापासून होती. माझी बॅग मी पोटाशी धरलेली होती आणि टेबलाची कड माझ्यापासून दीड हातावर होती. मान तेवढी मी सरळ केली. बसलो मात्र नाही.